मुंढ्यात न काचणारा कुर्ता

रेडीमेड कुर्ता छातीत बसतो पण मुंढ्यात (काखेपाशी, बाही जोडतात तिथे) काचतो, अशी तक्रार असते. त्यावर ‘एक साइझ मोठा घ्या’ असा सल्ला देतात, तो मला काही पटत नाही. खांदे उतरतात आणि आपण उगाच जाड दिसतो. मुंबईत असाल तर सरळ मंगलदास मार्केटमधून सुती कापड घ्या (रविवारी जाऊ नका, बंद असतं). 44 इंच पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला अडीच मीटर सहसा पुरतं. शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, सुती आटतंच. बाजूच्या शिवणीत इंचभर माया (आतलं जादा कापड) ठेवायला टेलरला बजावून सांगा, नाहीतर बेधडक कापून टाकतात. ओढणी मात्र दादरच्या फुटपाथवरचीही चालते; फक्त ओला पांढरा रुमाल घासून रंग जातोय का ते बघा.