जुन्या एसएक्सफोरला व्हीव्हीटी हेड: चढवावं की नाद सोडावा?

वाळूज_लेथ
मारुतीच्या २००७ च्या एसएक्सफोर गाडीचं एम१६ए इंजिन बिनव्हीव्हीटीचं (व्हीव्हीटी म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ गरजेनुसार पुढंमागं करणारी यंत्रणा). २०१० पासून त्याच १६०० सीसीला व्हीव्हीटी आलं. हेड (इंजिनचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) उतरवायची वेळ आलीच असेल तर व्हीव्हीटीचं चढवावं, असं माझं मत. पण नुसतं हेड आणू नका. त्याच व्हीव्हीटी गाडीचे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), फेझर (तेलाच्या दाबावर कॅम पुढंमागं करणारा भाग), ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह (फेझरला तेल सोडणारा), कॅम सेन्सर, चेन कव्हर, ईसीएम (इंजिनचा संगणक), वायरिंग आणि चावीसकट इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) एकगठ्ठा उचला. चेन, गाइड, टेन्शनर नवेच. गॅस्केट आधी ब्लॉकवर, मग हेडवर ठेवून तेलाची भोकं जुळतात का बघा. एक भोक झाकलं गेलं तरी फेझर उपाशी.

जालना_रोड
भाऊ, एवढा खटाटोप कशापायी? ताकदीत जेमतेम एक-दोन बीएचपीचा फरक. त्यात जुना ईसीएम ठेवला तर त्याला तो ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह चालवताच येत नाही. मग मिस्तरी आरपीएम स्विच लावून थेट १२ व्होल्ट देतो. होंडाच्या व्हीटेकला ते खपतं, तिथं दोनच अवस्था: एकतर कॅमचा लहान लोब (उंचवटा), नाहीतर मोठा. इथं कॅम अंशाअंशाने पुढंमागं (अ‍ॅडव्हान्स-रिटार्ड) करायचा असतो आणि तो कुठं आहे हे सेन्सरवरून सतत बघावं लागतं. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) पूर्ण अ‍ॅडव्हान्स मिळाला की जळका वायू परत सिलिंडरात, गाडी थरथरून बंद.

वाळूज_लेथ
म्हणूनच ईसीएम सोबत घ्या म्हणालो! तुमची स्विचची गोष्ट बरोबर, पण ती अर्धवट कामाची चूक झाली. आता व्हॉल्व्ह पिस्टनला आपटणार नाही ना, ते मोजा. पिस्टनच्या डोक्यावर खेळण्यातली माती ४-५ मिमी जाड थापा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावा म्हणजे चिकटत नाही. वापरलेलं दबलेलं गॅस्केट घालून हेड कसा. फेझर पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर हवा. बंद इंजिनात त्याची पिन रिटार्डला अडकलेली असते, ती हवेच्या दाबाने सोडवावी लागते. मग क्रँक हाताने दोन फेरे, पाना अडला तर जोर लावू नका. माती कापून सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेक व्हॉल्व्हखाली २ मिमीपेक्षा कमी भरली तर काम तिथंच थांबवा.

मांजराकाठ
दोघंही तेलाचं विसरलात. मे महिन्यात लातूर-नांदेडकडं पारा चढला की लोक २०डब्ल्यू५० ओततात. जाड तेलात फेझर आळशी होतो आणि स्कॅनरवर पी००११ (कॅमची वेळ चुकल्याचा कोड) येतो. पातळ तेल घातलं तर घासलेल्या बेअरिंगांतून दाब गळतो. आधी ऑइल प्रेशर स्विच काढून तिथं गेज लावा: गरम इंजिन, आयडल, १ बारच्या खाली काटा असेल तर हेडचा खर्च फुकट. हाफ इंजिन (खालच्या ब्लॉकचं बेअरिंग-रिंगांचं काम) आधी करा.

जालना_रोड
हाफ इंजिनच करायचं तर आख्खं व्हीव्हीटी इंजिन का नको?

वाळूज_लेथ
नंबर बदलतो ना राव! ब्लॉक तोच राहिला तर आरसीवरचा इंजिन नंबर तोच. आख्खं इंजिन टाकलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवी नोंद.

जालना_रोड
परवानगीच्या फेऱ्या परवडतील, पण घासलेल्या ब्लॉकवर ताजं हेड नको. कॉम्प्रेशन वर टिकतं आणि जुन्या रिंगा खालून तेल ओढतात.