कचऱ्याचे आकडे चित्रातून कसे दाखवायचे?

प्रश्न:
मी कचऱ्यावर एक छोटं प्रदर्शन करतेय. आकडे जमवले, बार चार्ट काढले, पण लोक "बापरे" म्हणतात आणि पुढे सरकतात. कोटी काय नि अब्ज काय, डोळ्यांपुढे काही उभंच राहत नाही. चित्रातून हे पोचवायचं तर सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
आधी वर्षाचा आकडा सोडून दे. ख्रिस जॉर्डन म्हणून अमेरिकन फोटोग्राफर आहे, आधी वकिली करायचा, त्याच्या २००७ च्या एका फोटोत २० लाख प्लास्टिक बाटल्या आहेत, अमेरिकेत तेव्हा दर ५ मिनिटांना लागायच्या तेवढ्या. ५ मिनिटं कशी असतात ते आपल्याला माहीत असतं, वर्षभराच्या बाटल्यांचा अंदाज कुणालाच येत नाही. त्याचंच दुसरं मला जास्त आवडतं, लांबून बघितलं तर जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं, ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं ते नदीकाठच्या रविवारचं प्रसिद्ध चित्र, आणि जवळ गेलं की सगळे ॲल्युमिनियमचे कॅन, १,०६,०००, फक्त ३० सेकंदांचे! माणूस आपणहून जवळ जातो आणि मग त्याला कळतं आपण काय बघत होतो.

प्रतिसाद २:
कल्पना भारी आहे पण साइज बघ. तो बाटल्यांचा प्रिंट ५ बाय १० फुटांचा आहे, तरी हिशोब केला तर एका चौरस इंचात २७८ च्या आसपास बाटल्या येतात, म्हणजे एकेक जेमतेम दीड मिलिमीटर. पोस्टरवर तेवढ्या घातल्यास तर नुसता करडा पट्टा दिसेल. त्यापेक्षा एकाच सेकंदाच्या घे, साधारण ६,६६७ होतात, ए-वन कागदावर (साधारण ५९ बाय ८४ सेंटीमीटर) प्रत्येकीला पाऊण चौरस सेंटीमीटर मिळतो आणि बाटली बाटलीसारखी दिसते.

प्रतिसाद ३:
मला एक भीती वाटते, चित्र फार सुंदर झालं की लोक सेल्फी काढून जातात, कचरा राहतो बाजूला. एच. ए. शुल्ट या जर्मन कलाकाराने १९९६ मध्ये खऱ्या कचऱ्याची माणसाएवढी १,००० माणसं उभी केली, नंतर ती मॉस्कोच्या रेड स्क्वेअरमध्ये आणि चीनच्या भिंतीवरही नेली. आपल्याच उंचीचा कचरा समोर उभा असला की नजर चुकवता येत नाही. काहीतरी खरं ठेवच तिथे.

प्रश्नकर्ती:
खूप थँक्यू सगळ्यांना! एका सेकंदाचंच करते, ए-वनवर. आणि खाली जमिनीवर खऱ्या चेपलेल्या बाटल्या, अशा पसरून की चित्राजवळ जायचं तर त्यांच्यातून वाट काढत जावं लागेल.