पाया खचलेलं घर विकताना घेणाऱ्याला सांगायचं की नाही?

पूर्णाकाठ
माझं मत आधीच मांडतो. घराचा पाया खचतोय हे मालकाला माहीत असेल, तर इसार घेण्याआधी त्याने ते घेणाऱ्याला लिहून दिलं पाहिजे. तोंडी सांगून भागत नाही.

विषय काढायचं कारण अकोल्यात ओळखीतला एक सौदा चालू आहे. जुनं लोड बेअरिंग घर, म्हणजे छताचा भार भिंतींवरच; मागच्या दोन खोल्या खचलेल्या. दलालाच्या सल्ल्याने मालकांनी तडे सिमेंटने भरले, वरून पुट्टी आणि रंग मारला, आणि जिथे तडा पुन्हा पुन्हा उघडतो तिथे लोखंडी कपाट लावलं. घेणारं कुटुंब शिक्षकाचं आहे, कर्ज काढून घेतंय.

पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या मातीचे थर खोल आहेत. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि घराखालीही तीच माती असते. पावसाळ्यात मागचं दार चौकटीत घट्ट बसतं, एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा रुंद होतो. त्या घरात राहणाऱ्याला हे चक्र पाठ असतं. घेणारा येतो, अर्धा तास फिरतो. तो पावसाळा संपता संपता आला, तर माती ओली आणि तडे मिटलेले. त्याला कळणार कसं? आयुष्यभराची कमाई ओतणाऱ्या माणसापासून हे लपवणं मला फसवणूकच वाटते.

बाजारभाव
सहमत नाही. आपल्या भागात तीस वर्षं जुनं असं एक घर दाखवा ज्याला तडा नाही. घेणाराही इथलाच आहे, त्यालाही काळी माती माहीत आहे. जुन्या घराचा भाव नव्यापेक्षा कमी असतो तो याचसाठी. बैल घेताना माणूस दात बघतो, मग लाखोंचं घर घेताना इंजिनिअर आणायला काय हरकत आहे?

आणि लिहून दिलं की काय होतं तेही बोलू. दुरुस्तीला दोन लाख लागणार असतील तर घेणारा दहा लाख पाडून मागतो. पुढच्या गल्लीतला गप्प बसतो, त्याला पूर्ण भाव मिळतो. विकणारे बहुतेक निवृत्त लोक, हातात ती एकच वास्तू. त्यांच्या म्हातारपणाचा पैसा तुम्ही तत्त्वासाठी कमी करायला सांगताय.

गवंड्याचा_मुलगा
बैलाचे दात तोंड उघडलं की दिसतात. पाया बघायला फरशी उकरावी लागते, आणि ती कोणता मालक उकरू देतो?

वकिली_नागपूर
कायदा काय म्हणतो ते सांगते, म्हणजे चर्चा नुसत्या मतांवर राहणार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं कपटाचं ठरतं, असं त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे उघड दिसणाऱ्या भेगेबद्दल बाजारभाव यांचं म्हणणं टिकू शकेल. पुट्टीखाली गाडलेल्या आणि कपाटामागे झाकलेल्या भेगेबद्दल टिकणार नाही. लपवण्यासाठी काही केलं की 'त्याने बघायला हवं होतं' हा बचाव खूप दुबळा होतो.

बिल्डरची पाच वर्षांची जबाबदारी अनेकांच्या डोक्यात असते. ती रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्यातली, आणि ती प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर आहे. जुनं घर विकणाऱ्या साध्या मालकाला ती लागू नाही. त्याच्यासाठी कलम ५५ आणि करार कायदा.

बाजारभाव
वकीलताई, मग खरेदीखतात 'जसे आहे तसे, पाहून व पसंत करून घेतले' हे वाक्य घातलं की झालं ना? कलम ५५ ची सुरुवातच 'विरुद्ध करार नसेल तर' अशी आहे.

वकिली_नागपूर
वाचून बोलताय, बरं वाटलं. पण त्या वाक्यावर फार विसंबू नका. दोष मुद्दाम झाकून घेणाऱ्याची संमती मिळवली असेल, तर ती संमतीच कपटाने मिळवलेली, आणि असा करार रद्द करून मागता येतो. मुदतही कपट उघड झाल्यापासून मोजली जाते, खरेदीच्या तारखेपासून नाही. विकणाऱ्याला खरं संरक्षण हवं असेल तर त्या एका वाक्याऐवजी दोषाचं वर्णनच साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात घाला. जे घेणाऱ्याने वाचून सही केलं, त्याबद्दल तो 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकत नाही. लिहून देण्यात विकणाऱ्याचाही फायदा आहे, तो मला या चर्चेत कुणी बोललेला दिसला नाही.

साइटवरचा
मी सिव्हिलमध्ये आहे. दोन्ही बाजू 'तडा' एकाच अर्थाने वापरताय, त्यामुळे वाद वाढतोय. गिलाव्यातल्या केसासारख्या बारीक भेगा म्हणजे पाया खचणं नव्हे. ऋतूप्रमाणे उघडणारा-मिटणारा तडा म्हणजे मातीची हालचाल. दरवर्षी थोडा वाढतच जाणारा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता तडा, सोबत उतरलेली फरशी, हे मात्र खचणं. ओळखायला तड्यावर आडवी काचपट्टी प्लास्टरमध्ये बसवतात, बाजूला तारीख लिहितात. भिंत हलली की काच तडकते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय खात्रीने बोलू नये.

दुरुस्तीही प्रत्येक वेळी लाखांची नसते. न्हाणीघराचं किंवा गच्चीचं पाणी पायाशी मुरत असेल तर आधी ते तोडायचं, घराभोवती उतार देऊन कोबा करायचा, जोत्याला चिकटलेलं उंबर-पिंपळाचं झाड असेल तर त्याचा विचार करायचा. एवढ्याने थांबलेली घरं मी पाहिली आहेत. खरंच खचत असेल तर पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा आधार द्यावा लागतो, ते महाग आहे. काळ्या मातीत नवीन बांधणाऱ्यांसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. पाइल साधारण ३.५ मीटर खाली, ऋतूंचा फरक जिथे पोचत नाही अशा थरात नेतात. जुन्या घरांना हे कुणी केलेलं नसतं, दगडी पाया तीन-चार फुटांवर थांबलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं, 'पाया खराब आहे' एवढंच मोघम लिहिलं तर घेणारा घाबरून दहा लाख पाडतो. काय, कुठे, किती, हे लिहिलं तर तो दुरुस्तीचा हिशोब करू शकतो.

यवतमाळची_लेक
मी आईचं घर विकताना सगळं सांगितलं होतं, म्हणून बोलते. धागाकर्त्यांचं तत्त्व बरोबर आहे, पण त्याची किंमत ते मोजत नाहीयेत. गिऱ्हाइकं ऐकून निघून गेली. शेवटी घेणारा मिळाला तो रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, बऱ्याच कमी भावाला. मग कळलं की मुद्रांक शुल्क रेकनर आणि खरा भाव यांतल्या जास्त रकमेवर बसतं. आयकरातही, रेकनर दर विक्रीच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा रेकनर धरून मोजतात आणि घेणाऱ्याच्या माथीही फरकाचं उत्पन्न येतं. म्हणजे जो पैसा आईला मिळालाच नाही त्यावर कर. विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून मागता येते, पण त्यासाठी इंजिनिअरचा अहवाल, फोटो, सीए, हे सगळं आलं. एकट्या राहणाऱ्या विधवेने हे कसं करावं?

मला सांगितल्याचं वाईट वाटत नाही, घेणाऱ्यांच्या घरी लहान मुलं होती. पण खरं बोलणाऱ्याला रेकनरमध्ये सवलत का नाही, हा प्रश्न कुणीतरी उचलावा.

बाजारभाव
ताईंनी माझाच मुद्दा मांडला. आणखी एक विचार करा. कायदा 'माहीत असलेला' दोष सांगायला सांगतो. मग लोक विकण्याआधी इंजिनिअरला बोलावणारच नाहीत. अहवाल नाही तर माहिती नाही. तुमच्या सक्तीमुळे तपासणीच बंद होईल आणि घर घेणारा आणखी अंधारात राहील.

पूर्णाकाठ
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य करतो. पण मी विकणाऱ्याकडून निदान मागत नाही, त्याने स्वतः पाहिलेलं तेवढं मागतो. मागच्या खोलीत तडा पहिल्यांदा कधी दिसला, किती वेळा भरला, पावसाळ्यात कोणतं दार अडतं, न्हाणीचं पाणी कुठे जातं. यासाठी इंजिनिअर लागत नाही. आणि घेणाऱ्याने उन्हाळ्यात, मे महिन्यात, घर पुन्हा पाहायला मागितलं तर नाही म्हणू नये.

यवतमाळच्या ताई, कराचा भाग माझ्या ध्यानात नव्हता. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करण्याची सोय आहे, पण खचलेल्या पायाची दखल तिथे कितपत घेतली जाते यावर वकीलताईंनी लिहावं.

गवंड्याचा_मुलगा
दादा, एक विचारतो. तुम्हाला कपाटामागचं माहीत आहे. त्या शिक्षकांना सांगितलं का?

पूर्णाकाठ
मालक नात्यातले आहेत. कपाट हलवून शिक्षकांना दाखवा, नाहीतर साठेखताच्या आधी मी सांगेन, असं मालकांना बोलून आलोय. घरात त्यावरून वाद झाला. साठेखत पुढच्या आठवड्यात आहे.

बाजारभाव
मत माझं तेच आहे, पण नात्यात हे बोलणं सोपं नाही. जाताना साइटवरचा यांच्यासारखा कुणीतरी सोबत न्या. दुरुस्तीचा आकडा लिहून द्या, म्हणजे मालकांचा भाव उगाच पडणार नाही. आणि दलालाला त्या बैठकीला बसवा, कपाटाचा सल्ला त्याचाच होता.