मदत हवी आहे: पायातली गुठळी, आता दुसऱ्या बाळाचा विचार

माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३४) गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना डाव्या पायात गुठळी झाली. डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेत रक्ताची गुठळी. त्या गोळ्या बंद झाल्या, रक्त पातळ करणारी रिव्हारॉक्साबॅन सुरू झाली. आता फिजिशियन म्हणतात, हार्मोनच्या गोळ्यांमुळे झालेली गुठळी पुन्हा होण्याचा धोका तुलनेने कमी, औषध थांबवू. स्त्रीरोगतज्ज्ञ मात्र सावध आहेत. तिला दुसरं मूल हवंय, आणि गरोदरपणात, त्याहून जास्त बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत धोका वाढतो. तेव्हा रिव्हारॉक्साबॅन चालत नाही, रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, एवढं कळलंय.

कुणी यातून गेलंय का? दिवस राहिल्याबरोबर इंजेक्शनं सुरू केली का? प्रसूतीच्या आधी कधी थांबवली? रक्तविकारतज्ज्ञांना आत्ताच दाखवून ठेवावं का? आम्ही पुण्यात आहोत.

आणखी एक. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी तिच्या सासूबाई सहज सुचवतात. ती गोळी (नॉरएथिस्टेरॉन) हार्मोनचीच, म्हणून घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण घरी ‘आम्ही सगळ्यांनी घेतल्या, काही झालं नाही’ हे उत्तर ठरलेलं! तुम्ही कसं समजावलंत? डोसचे सल्ले नकोत, ते डॉक्टर बघतील, अनुभव सांगा.