प्रतिसाद: स्ट्रायकर चांगला कोच होत नाही?

'गोल मारणाऱ्याला फक्त गोलपोस्ट दिसतो, टीम बांधणं त्याचं काम नाही' हे वरचं मत अर्धंच पटलं. इतक्या प्रतिसादांत भारताचे फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जींचं नाव कोणीच कसं काढलं नाही? विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळायचे, पण गोलांची भूक स्ट्रायकरचीच. १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या फायनलमध्ये भारतानं दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, त्यातला एक गोल त्यांचा. खेळले ईस्टर्न रेल्वेकडून, ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान या कोलकात्याच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांची जर्सी कधी घातली नाही. कोच म्हणून मात्र दोन्ही घरी पाटावर बसले! १९७५ च्या आयएफए शिल्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये बागानला ५-० हाणणारं ईस्ट बंगाल त्यांचं, आणि १९७७ ला पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला ईडनवर २-२ रोखणारं बागानही त्यांचंच.

आमच्या पुसदकडच्या गावातलं सांगतो. कोच कामठीत स्ट्रायकर म्हणून खेळलेला, गुडघा गेला म्हणून गावी परतलेला. काळ्या मातीचं मैदान, पावसाळ्यात एकेका बुटाला किलोभर चिखल, पोस्ट म्हणजे पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळक्या झाडांचे, दोन ढीग. मला स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध उभं केलं आन् समोरून येणाऱ्या स्ट्रायकरबद्दल म्हणे, "बॉलकडे पाहू नोको, त्याच्या कमरेकडे पाह्य. म्या पायानं लय जनायले फसवलं, कमरेनं कोनालेच नाही." गोल कसा मारायचा हे ज्याला ठाऊक, तोच तो अडवायला शिकवू शकतो, हे मला तिथं कळलं. गोलकीपरला मात्र त्यानं शेवटपर्यंत काही शिकवलं नाही. तो बिचारा पऱ्हाट्या सावरत उभा.