अनुभव धागा : एक्सेलच्या चौकटीत मारलेली काट

वस्तूंच्या एका यादीत नादुरुस्त ठरलेल्या वस्तूंवर मी आडवी रेघ मारली, यादी वरिष्ठांकडे पाठवून दिली आणि तळाची बेरीज पुन्हा तपासण्याची तसदी घेतली नाही. रेघ मारलेल्या सतराच्या सतरा वस्तू त्या बेरजेत होत्या. काट मारलेली रक्कम बेरजेत धरायची नसते हे आपल्या हाताला शाळेपासून ठाऊक असते. एक्सेलच्या लेखी मात्र काट म्हणजे अक्षराचा रंग किंवा जाडी यांच्यासारखी एक सजावट आहे, आणि बेरजेचा सम (SUM) फॉर्म्युला सजावट पाहत नाही, आकडा पाहतो. त्यानंतर मी ओळखीच्यांकडे हा विषय काढू लागलो, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाजवळ आपापली एक फजिती निघाली. म्हणून हा धागा काढत आहे. चौकटीतला मजकूर आपण का खोडता, कसा खोडता आणि त्यापायी कुठे अडकलात, हे सविस्तर लिहावे. काट मारण्याचा शॉर्टकट मीच सांगून टाकतो, म्हणजे तो कोणी पुन्हा लिहायला नको: विंडोजवरच्या एक्सेलमध्ये कंट्रोल आणि ५, गूगल शीट्समध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि ५, मॅकवर दोन्हीकडे कमांड, शिफ्ट आणि एक्स.

*

मी हाताने खतावणी लिहिण्याच्या काळातला माणूस आहे. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरे व तारीख टाकायची, असा आमचा शिरस्ता होता. ब्लेडने खरवडलेली किंवा पांढऱ्या शाईने झाकलेली नोंद दिसली की तपासनीस पुढचे काही पाहण्याआधी तिथेच थांबत असे. निवृत्तीनंतर एका संस्थेचे हिशेब संगणकावर लिहू लागलो, तेव्हा हीच सवय मी तिथे नेली. एका चौकटीत ४५०० लिहिलेले होते, खरा आकडा ५४०० होता. मी चौकट एफ २ ने उघडली, जुन्या आकड्यापुढे जागा सोडून नवा आकडा लिहिला, फक्त जुना भाग निवडून त्यावर काट मारली आणि अगदी वहीतल्यासारखे दिसते म्हणून खूश झालो. बेरीज मात्र ४५०० नेही चुकली नव्हती आणि ९०० नेही नव्हती. ती पूर्ण ५४०० नेच कमी आली. कारण दोन आकडे एका चौकटीत बसले की तो आकडा राहत नाही, तो मजकूर होतो, आणि बेरजेच्या पट्ट्यातला मजकूर सम फॉर्म्युला मुकाट्याने वगळतो. वर धागाकर्त्यांची काट मारलेली रक्कम बेरजेत शिरली, माझी काट न मारलेली रक्कमही बाहेर पडली. आता मी खतावणीचाच दुसरा नियम पाळतो: चुकीची नोंद जागच्या जागी ठेवतो, खाली तेवढ्याच रकमेची वजा चिन्हासह उलट नोंद करतो, त्याखाली खरी नोंद लिहितो आणि शेवटच्या रकान्यात आद्याक्षरे व तारीख घालतो. पहिल्या दोन ओळींवर काट मारायची ती केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. बेरीज तिच्यावाचूनही बरोबर येते.

*

माझा अनुभव लहान आहे, पण तो आठवला की अजूनही कान तापतात. एका कार्यक्रमाच्या निमंत्रितांच्या यादीतून काही नावे ऐनवेळी वगळण्यात आली आणि मी त्यांवर काट मारली. मग त्याच यादीवरून मेल मर्ज, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने आपोआप पत्र तयार करणारी सोय, चालवले. वगळलेल्यांपैकी एकूण एक जणांना सन्मानपूर्वक निमंत्रण गेले, आणि त्यांतले काही जण आलेही.

*

स्वतःच्या हाताने काट मारणे मी पूर्णपणे बंद केले आहे. काट आपोआप उमटेल अशी व्यवस्था करतो. प्रत्येक शीटमध्ये ‘स्थिती’ नावाचा एक रकाना ठेवावा, त्यात ‘रद्द’ हा शब्द लिहावा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अट पुरी झाली की सजावट आपोआप लावणाऱ्या सोयीत) असा नियम द्यावा की त्या रकान्यात ‘रद्द’ असेल तर सबंध ओळीवर रेघ यावी. येथे बहुतेकांचा पाय एकाच ठिकाणी घसरतो. नियमातल्या रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह हवे आणि ओळीच्या क्रमांकाआधी नको. अक्षराआधीचे डॉलर विसरले, तर नियम प्रत्येक चौकटीगणिक एकेक रकाना उजवीकडे सरकत जातो आणि ओळीतली एखादीच चौकट खोडलेली दिसते. एकदा ‘स्थिती’चा रकाना आला की बेरीजही समइफ्स फॉर्म्युल्याने ‘रद्द’ सोडून बाकीच्यांची घेता येते, म्हणजे डोळ्यांना दिसणारी काट आणि हिशेबातली वजाबाकी दोन्ही एकाच शब्दावर चालतात. गूगल शीट्समध्ये शब्दाऐवजी चेकबॉक्स ठेवला तरी चालते. खूण केली की समोरच्या कामावर रेघ येते. पेनाने रेघ ओढण्यात जे समाधान असते ते यात नाही, हे मान्य.

*

वरचा उपाय उत्तम आहे, पण तो नव्या शीटसाठी. माझ्या हाती आलेल्या फायलीत माझ्याआधी ते काम पाहणाऱ्या बाईंनी कित्येक वर्षे हाताने मारलेल्या शेकडो काटा होत्या, आणि त्या वेगळ्या काढायच्या होत्या. एक्सेलच्या फिल्टरमध्ये रंगावरून निवड करता येते, पण काटेवरून करता येत नाही. काट ओळखणारा तयार फॉर्म्युलाही नाही. मी व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, छोटे फंक्शन लिहून पाहिले. ते चालले, परंतु नंतर एखादी काट काढली तरी उत्तर जुनेच राहत असे, कारण केवळ सजावट बदलल्याने एक्सेल फेरगणना करत नाही. शेवटी कामाला आली ती साधी शोधण्याची खिडकी. कंट्रोल एफ, मग ऑप्शन्स, मग फॉरमॅट, तिथल्या फॉन्टच्या पानावर स्ट्राइकथ्रूला खूण, आणि शोधायच्या शब्दाची जागा रिकामी. ‘फाइंड ऑल’ केल्यावर खाली यादी येते. त्या यादीत कंट्रोल ए दाबले की त्या सर्व चौकटी एकदम निवडल्या जातात. मी त्यांना पिवळा रंग दिला, रंगावरून फिल्टर लावला आणि शेजारच्या रकान्यात ‘रद्द’ भरले. काम झाल्यावर त्या खिडकीतले फॉरमॅट न विसरता साफ करावे. मी विसरले, आणि दुसऱ्या दिवशी समोर दिसणारे नाव एक्सेलला सापडत नाही म्हणून अर्धा तास त्याच्याशी भांडत बसले.

*

सीएसव्हीचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? त्या प्रकारच्या फायलीत फक्त मजकूर आणि आकडे जातात, सजावट जात नाही. काट मारून रद्द केलेल्या मागण्यांची फाइल मी सीएसव्ही करून दुसऱ्या प्रणालीत भरली आणि सगळ्या रद्द मागण्या पुन्हा जिवंत झाल्या.

*

मी शब्दसूचीचे मुद्रितशोधन करते, त्यामुळे माझी तक्रार देवनागरीची आहे. रोमन अक्षरांवर काट मारली की ती उठून दिसते. आपल्या अक्षरांना डोक्यावर एक रेघ आधीच असते आणि काटेची दुसरी रेघ बरोबर अक्षराच्या पोटातून जाते. लहान आकारात छापलेल्या यादीत खोडलेला ‘व’ हुबेहूब ‘ब’ वाटतो, आणि खोडलेला ‘प’ पाहून तो ‘ष’ आहे की काय अशी शंका येते. जुने रूप आणि नवे रूप यांत नेमका ‘व’ आणि ‘ब’ एवढाच फरक असेल, तर ती नोंद वाचणाऱ्याने काय समजावे? म्हणून मी खोडलेल्या शब्दाला फिकट राखाडी रंगही देते.

*

मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरच्या मदतीने काम करतो. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर चौकटीतला मजकूर वाचते, पण त्यावर काट आहे हे, सेटिंग मुद्दाम बदलल्याखेरीज, सहसा सांगत नाही. एका कामवाटपाच्या शीटमध्ये माझ्या नावापुढची तीन कामे दुसऱ्याकडे गेली होती, ती खोडलेली होती, आणि मी ती तिन्ही कामे मनापासून पूर्ण केली. ‘रद्द’ हा शब्द लिहिण्याची सूचना वर आली आहे. माझ्यापुरती ती सोय नाही, गरज आहे.

*

आमच्या गटात सहा जण एकच शीट वापरतो. बऱ्याच काळाने लक्षात आले की माझ्यासाठी काट म्हणजे काम झाले, आणि आमच्यातल्या दोघांसाठी काट म्हणजे काम रद्द. त्यामुळे न केलेली कामे झाली म्हणून कळवली गेली, आणि झालेल्या एका कामाचे पैसे रद्द समजून अडकले. मग आम्ही सर्वांत वरच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहून ठेवले की काट म्हणजे रद्द, झालेल्या कामासाठी शेजारी बरोबरची खूण करावी. गेल्या महिन्यात ती ओळच कोणीतरी खोडून ठेवली आहे, आणि सूचना सर्वांनी वाचून झाली म्हणून खोडली की सूचनाच रद्द केली, याचा पत्ता अजून लागलेला नाही.