लहान मूल घेऊन बाहेर फॅमिली फोटोशूट : काय तयारी केलीत, काय झालं?

काल कपाटाचा वरचा कप्पा आवरताना एक इवलासा पांढरा बूट सापडला. एकच. पुढे अंगठ्याजवळ गवताचा हिरवा डाग आणि तळ मात्र कोराच्या कोरा. हातात घेऊन तिथेच खाली बसले.

लेक दीड वर्षाची होती तेव्हा बागेत तिघांचे फोटो काढायचं ठरवलेलं, त्या दिवसाचा हा बूट. तीन आठवडे मी कपडेच जुळवत होते, तिघांचे रंग एकमेकांना शोभायला हवेत म्हणून. फोटोग्राफर म्हणाले सूर्य मावळायच्या आधीचा तास घेऊ, ऊन तिरकं नि मऊ असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. पटलं आम्हाला. पण तीच लेकीची किरकिरीची वेळ आहे हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यात दुपारची झोप गाडीत अर्धवट झालेली, उतरवलं तर बूट टोचतात, नवेच होते ना, मळतील म्हणून मी घरात एकदाही घातले नव्हते, बसल्या जागी पाय झाडले आणि जे रडायला लागली ते चाळीस मिनिटं. शेवटी मी फोटोग्राफरच्या मागे जाऊन दोन्ही हात वर करून आमचा अंघोळीनंतरचा टॉवेलचा खेळ सुरू केला, भुर्रर्र करत. तेव्हा हसली. पाचेक मिनिटं. चांगले फोटो आहेत ते सगळे त्या पाच मिनिटांतले, बाबा आणि लेक. माझा त्यात एकही नाही.

आता बहिणीच्या २१ महिन्यांच्या मुलाचं शूट आहे पुढच्या महिन्यात, काय तयारी करू विचारतेय. तुमचे अनुभव लिहा ना.

दोनपिल्लांचीआई
अगं चाळीस मिनिटं, किती जीव तुटला असेल तुझा. झोप आधी, उजेड नंतर, एवढं एकच सांग बहिणीला. धाकट्याच्या वेळी मी सरळ सांगून टाकलं होतं की तो उठल्यावर पाऊण तासाने, पोट भरलेलं असताना, तेव्हाच काय ते काढा. सूर्य उगवल्यानंतरचा तासही तितकाच मऊ असतो की, आणि पोरं सकाळी ताजी असतात. बेल वाजतेय, येते परत

निवांत
दुसरा बूट कुठे गेला?

धागाकर्ती
@निवांत गवतात. अंधार पडेपर्यंत शोधला सगळ्यांनी मिळून, नाही मिळाला 😔

कॅमेरावाला
मी हेच काम करतो त्यामुळे जरा लांबण लागेल. ताई, बहिणीला सांगा की नवे कपडे एकदा धुऊन, घालून, त्यात मुलाला खाली बसवून, उठवून, कडेवर घेऊन बघायचे. कडेवर घेतलं की शर्ट वर जातो आणि पोट उघडं पडतं, हे आरशासमोर उभं राहून कळत नाही. भडक फ्लोरोसंट रंग नको, आईने तसा ड्रेस घातला तर कडेवरच्या बाळाच्या हनुवटीखाली तीच छटा उतरते. हिरव्यागार लॉनवर बसलं तरी थोडं तसं होतंच. अगदी बारीक पट्ट्यांचा शर्ट टाळा, फोटोत त्यावर लाटा उमटल्यासारखं दिसतं. ढग आले म्हणून रद्द करू नका, ढगाळ उजेड पोरांच्या चेहऱ्याला फार छान. झाडाखाली ऊन पानांतून गळत असेल तर चेहऱ्यावर ठिपके येतात, त्यापेक्षा भरीव सावलीची कड बघायची. आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला जागेवर चक्कर मारा, मागे इमारत किंवा टेकडी असेल तर ऊन मावळतीच्या बरंच आधी जातं.

पळणाऱ्या पोराला मी १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर (कॅमेऱ्याची उघडझाप) ठेवतो, म्हणजे फोटो धूसर येत नाही, बसलेला असेल तर कमी वेगही चालतो. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहतो. अनोळखी माणसाची भीती आठ-नऊ महिन्यांच्या आसपास सुरू होते आणि बऱ्याच मुलांची दोन वर्षांपर्यंत टिकते. मी आधी आईबाबांशी गप्पा मारतो, बाळाकडे बघतच नाही, मग तेच येतं माझे बूट बघायला. त्यानंतर मी गवतावर आडवा. उभ्याने वरून काढलं की डोकं मोठं आणि पाय एवढेसे येतात.

पहाटवारा
"हसून दाखव, इकडे बघ" हे घरच्यांनी बंद केलं पाहिजे. आमच्याकडे आजी, मावशी, काका सगळे चार दिशांनी टाळ्या वाजवत होते, पोरगं बिचारं एकदा इकडे एकदा तिकडे, नजर कुठेच ठरेना, मग ओठ काढला. एकाच माणसाने हाक मारायची आणि तीही कॅमेऱ्याच्या अगदी मागून.

सायंतारा
डास!!! कुणी लिहिलंच नाही. मावळतीची वेळ म्हणजे त्यांचीच. लेकीच्या पापणीला चावला आणि दहा मिनिटांत डोळा टम्म. आम्ही घरी आलो सरळ, रात्रभर जागी होते मी. फुल पँट, पूर्ण बाह्या. सनस्क्रीन लावणार असाल तर घरून निघायच्या आधी नीट चोळून लावा, जागेवर घाईत लावलं की पांढरे फराटे राहतात.

बाबा२०१९
माझा अनुभव जरा वेगळा. तळ्याकाठी चाललं होतं, आम्ही दोघंही कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मुलगा हात सोडून पाण्याकडे. तीन पावलांवर धरला. अजून आठवलं की हात गार पडतात. पाणी असेल, रस्ता असेल तर एक माणूस फक्त मुलासाठी, त्याने फोन काढायचा नाही, बॅग धरायची नाही, काही नाही.

साबणाचे फुगे न्या पण शेवटी काढा, एकदा दिसले की पोराला दुसरं काही नको असतं.

निवांत
@बाबा२०१९ बापरे. वाचूनच धडधडलं

जुनेफोटो
धाग्यातल्या आईला फोटोत जागा नाही हे वाचून आठवलं. १९व्या शतकात फोटोला काही सेकंद तरी स्थिर बसावं लागायचं, बाळं कुठली बसतात! मग आई खुर्चीसारखी बसायची, तिच्यावर चादर नाहीतर पडदा टाकायचे आणि मांडीवर बाळ. असे कितीतरी फोटो आहेत, इंग्रजीत त्यांना 'हिडन मदर' म्हणतात. चादरीखाली खांद्यांचा आकार स्पष्ट दिसतो, कधी बाळाला घट्ट धरलेला हात. मी ते फोटो बघते तेव्हा बाळाकडे लक्षच जात नाही माझं.

मनमोकळी
😢😢 आमच्याकडे पण सगळ्या अल्बममध्ये हेच. मी फक्त एका फोटोत, तोही सावली म्हणून, बाबांच्या पायाशी पडलेली

धागाकर्ती
@जुनेफोटो तुमचं वाचून मी लॅपटॉप उघडला. लेकीचा जवळून काढलेला एक फोटो आहे, तो झूम करत करत डोळ्यापर्यंत गेले. बुबुळात उजेडाचा ठिपका आहे आणि त्यात दोन काळ्या आकृत्या. एक खाली बसलेली, दुसरी उभी, दोन्ही हात वर. मीच आहे ती. साडेसात वर्षं हा फोटो भिंतीवर आहे आमच्या.

कॅमेरावाला
ताई, मूळ फाइल जपून ठेवा, फॉरवर्ड होत होत आलेल्या कॉपीत हे दिसणार नाही. आणि बहिणीच्या शूटला हात वर करायला तुम्ही जा, म्हणजे ती फोटोत येईल.

धागाकर्ती
जाणारच आता. टॉवेल घेऊन.

संध्याकाळी लेकीला बूट दाखवला. तिने आत दोन बोटं घातली, टेबलावर चालवून बघितला आणि विचारलं, दुसरा शोधायला जाऊया का?

दोनपिल्लांचीआई
आले परत, आता वाचलं सगळं, डोळे भरून आले गं. बूट आठवडाभर तरी घरात घालायला दे म्हणावं बहिणीला, मळले तर मळले